इंग्रजी शब्दांचें भेटकलम

मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकीं माझगांव हें एक. त्याचें बेटपण केव्हांच लोपलें. आज तेथें भंडारवाड्याची टेकडी, तिच्यावरील जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान, खालीं गोदींतील याऱ्या आणि जुन्या चाळींच्या माथ्यावरून डोकावणाऱ्या उंच इमारती एवढेंच पाहणाऱ्याच्या दृष्टीस पडतें. या लहानशा स्थळाचा इंग्रजी वाङ्मयाशीं कांहीं संबंध असेल, अशी कल्पनाही सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तथापि तो संबंध आहे, आणि तो दोन वेळां आलेला आहे: एकदां एका स्त्रीच्या निमित्तानें आणि एकदां आंब्याच्या निमित्तानें. इंग्रजींतील अवघड व साहित्यिक शब्द कसे आत्मसात् करावेत, हा प्रश्न ज्या घरांत मुलें शिकत आहेत अशा प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां निघतो. त्याचा विचार करतांना माझगांवच्या या दोन्ही गोष्टी चांगल्याच उपयोगी पडण्यासारख्या आहेत.

इंग्रजीचा जुजबी व्यवहार मुंबईकराला नवा नाहीं. मुंबई विश्वविद्यालय १८५७ मध्यें स्थापन झालें; विल्सन कॉलेजचा उगम तर त्याच्याही पंचवीस वर्षें आधीं, १८३२ मध्यें झालेला आहे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवून कित्येक पिढ्यांनीं इंग्रजी वाक्यें जुळविलीं. या पायरीपर्यंत मनुष्य मेहनतीच्या बळावर पोंचतो. खरी अडचण पुढच्या पायरीवर येते. वर्तमानपत्राचा अग्रलेख, न्यायालयाचा निर्णय, एकोणिसाव्या शतकांतील एखादी कादंबरी हातीं घेतली म्हणजे पानागणिक पांचसहा शब्द असे आडवे येतात कीं, जे बोलण्यांत कधीं भेटलेले नसतात. मग कोश काढावयाचा, पहिला मराठी प्रतिशब्द उतरून घ्यावयाचा आणि तो पाठ करावयाचा, हा नित्याचा क्रम ठरतो. पूर्वीं ही यादी वहींत असे. आज ती स्पर्धापरीक्षांच्या छापील पुस्तकांत आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर असते. साधनें बदललीं, पण डाव्या बाजूस शब्द व उजव्या बाजूस अर्थ ही पद्धत कायम राहिली.

या पद्धतीनें शब्दांची संख्या वाढते, यांत शंका नाहीं. परंतु असा शब्द वाचतांना अपुरा पडतो आणि लिहितांना फसवितो. 'एग्रीजिअस' या शब्दाचेंच उदाहरण घ्यावें. लॅटिन भाषेंत 'ग्रेक्स' म्हणजे कळप. त्या कळपांतून बाहेर उठून दिसणारा तो 'एग्रीजिअस'. सोळाव्या शतकांत हा शब्द स्तुतिपर होता. पुढें तो उपरोधानें वापरला जाऊं लागला, आणि आज केवळ चूक, अन्याय, खोटेपणा यांनाच तो लागतो. एखाद्या उमेदवारानें 'असाधारण' एवढाच अर्थ पाठ करून आपल्या सेवेला हें विशेषण लाविलें, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्या सेवेंत ढळढळीत अपराध दिसावा, अशी स्थिति होते. शब्द खरा, मूळ खरें, अर्थही एके काळीं खरा. आणि तरीही अर्ज बिघडला.

'ऑफिशस' हा शब्द असाच. त्याचा जुना अर्थ दुसऱ्याच्या कामास तत्परतेनें धांवून जाणारा असा आहे. कोशकार सॅम्युएल जॉन्सन यानें आपला आश्रित वैद्य रॉबर्ट लेव्हेट याच्या मृत्यूनंतर जी कविता लिहिली, तींत हा शब्द मनःपूर्वक गौरवासाठीं योजिला आहे. आज तोच शब्द नाहीं तेथें नाक खुपसणाऱ्या माणसाला लावतात. 'कंडिसेन्शन' म्हणजे थोरानें लहानाशीं आपण होऊन नम्रपणें वागणें, हा एके काळीं सद्गुण होता. जेन ऑस्टेनच्या १८१३ मधील 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरींत मिस्टर कॉलिन्स आपल्या आश्रयदात्या बाईच्या या गुणाचें कौतुक करतांना थकत नाहीं, आणि त्याच्या या लोचटपणावरच लेखिका वाचकाला हंसविते. आज त्या शब्दाचा अर्थ दुसऱ्याला कमी लेखून वरून बोलणें, असा उरला आहे.

या फसगतीचा उपहास पूर्वीं पुष्कळ झाला. एफ. ॲन्स्टी या टोपणनांवाच्या इंग्रज विनोदी लेखकानें 'बाबू जबरजी, बी. ए.' हें पात्र निर्माण करून १८९७ मध्यें त्याचें पुस्तकच प्रसिद्ध केलें. भारदस्त शब्दांची नको तेथें उधळण करणारा सुशिक्षित हिंदी मनुष्य हाच त्यांतील सारा विनोद. राज्यकर्त्यांना असला विनोद सोपा होता. मराठी, बंगाली किंवा तामिळ बोलतांना त्यांच्याच बांधवांच्या तोंडून काय काय बाहेर पडत असे, याचें पुस्तक कोणी काढलें नाहीं. परंतु उपहास अन्यायाचा असला तरी ज्या दोषावर तो उभा होता, तो समजून घेण्यांत कमीपणा नाहीं. त्या काळचा हिंदी विद्यार्थी अठराव्या शतकांतील ग्रंथ वाची, त्यांतील शब्द पाठ करी, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कचेरींतल्या अर्जांत ते घाली. त्याची बुद्धि किंवा मेहनत कमी नव्हती. ज्या नाण्यानें तो व्यवहार करीत होता तें नाणें बाजारांतून उठलेलें होतें, एवढेंच.

शब्दाचा अर्थ काळाप्रमाणें कसा पालटतो, याचें सर्वांत बोलकें उदाहरण माझगांवच्या पहिल्या गोष्टींत सांपडतें.

एलायझा ड्रेपर हिचा जन्म १७४४ मध्यें केरळच्या किनाऱ्यावरील अंजेंगो येथें झाला. चौदाव्या वर्षीं, १७५८ मध्यें, ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईंतील अधिकारी डॅनिएल ड्रेपर याच्याशीं तिचें लग्न झालें. पुढें ती इंग्लंडला गेली असतां १७६७ च्या आरंभीं लंडनमध्यें लॉरेन्स स्टर्न या लेखकाशीं तिची ओळख झाली. स्टर्न त्या वेळीं त्रेपन्न वर्षांचा, विवाहित, क्षयानें जर्जर झालेला धर्मोपदेशक होता. 'ट्रिस्ट्रॅम शँडी' या कादंबरीनें त्याचें नांव युरोपभर झालेलें होतें. कांहीं आठवड्यांचा हा स्नेह. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें एलायझा जहाजानें परत मुंबईस निघाली. मागें राहिलेल्या स्टर्ननें तिच्यासाठीं रोजनिशी लिहिली, आणि जें पुस्तक तो त्या सुमारास लिहीत होता त्यांतही तिचें नांव गोंविलें. तें पुस्तक म्हणजे 'ए सेंटिमेंटल जर्नी'. तें १७६८ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झालें आणि पुढच्याच महिन्यांत स्टर्न वारला.

एलायझाचें पुढील आयुष्य सुखाचें झालें नाहीं. माझगांवांतील बेल्व्हेडिअर नांवाच्या बंगल्यांत ती पतीसह राहत होती. १७७३ च्या जानेवारींत एके रात्रीं तिनें तो बंगला सोडला आणि सर जॉन क्लार्क या आरमारी अधिकाऱ्याच्या साहाय्यानें ती निघून गेली. खिडकींतून दोराच्या शिडीनें ती खालीं उतरली, अशी आख्यायिका त्या बंगल्याच्या नांवाशीं कायमची जोडली गेली. १७७८ मध्यें, वयाची पस्तिशी गांठण्यापूर्वींच, ती इंग्लंडमध्यें वारली. ब्रिस्टलच्या मुख्य चर्चमध्यें तिचें स्मारक आहे. माझगांवचा तो बंगला आतां राहिलेला नाहीं. राहिला आहे तो 'सेंटिमेंटल' हा शब्द.

हा शब्द त्या वेळीं खुद्द इंग्रजांनाही नवा होता, ही गोष्ट शिकणाऱ्यानें अवश्य ध्यानांत ठेवावी. १७४९ च्या सुमारास लेडी ब्रॅडशे नांवाच्या एका सुशिक्षित बाईनें कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसन यास पत्रानें विचारलें कीं, सभ्य मंडळींत ज्याची एवढी चलती आहे त्या या शब्दाचा अर्थ तरी काय? कोणी माणसाला हें विशेषण लावितो, कोणी मेजवानीला, कोणी फेरफटक्यालाही. मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या हातीं १७७२ मध्यें स्टर्नचें पुस्तक पडलें, तेव्हां हा शब्द इंग्रजीच नव्हे व त्यांतून कांहीं निश्चित अर्थही निघत नाहीं, असा शेरा त्यानें आपल्या रोजनिशींत मारला. जर्मनींत बोडे या भाषांतरकारापुढें तीच अडचण उभी राहिली. लेसिंग या थोर समीक्षकानें त्याला 'एम्फिंडझाम' हा शब्द सुचविला, आणि पुढें जर्मन वाङ्मयांतील एका संबंध प्रवाहास त्याच शब्दावरून नांव मिळालें.

आतां मराठी वाचकानें या शब्दाचें काय करावें? कोशांत भावनाप्रधान, भावुक, हळवा, भावविवश असे पर्याय मिळतील. स्टर्नच्या मनांतील अर्थ दुसऱ्याच्या सुखदुःखाचा स्पर्श चटकन् होणारें सुसंस्कृत मन, असा होता. संस्कृत काव्यशास्त्रानें ज्याला 'सहृदय' म्हटलें, त्याच्या तो पुष्कळ जवळ येतो. परंतु एकोणिसाव्या शतकापासून या शब्दाला उतरती कळा लागली. आज एखाद्या चित्रपटाला समीक्षकानें 'सेंटिमेंटल' म्हटलें, तर त्यांत स्वस्त अश्रूंचा भरणा आहे, असा त्याचा अभिप्राय असतो. म्हणजे स्टर्नचें पुस्तक उघडतांना 'सहृदय' हा अर्थ आणि आजचें परीक्षण वाचतांना 'भावविवश' हा अर्थ मनांत हवा. यादींतील एकच प्रतिशब्द दोन्ही ठिकाणीं लाविला, तर एका ठिकाणीं लेखकावर अन्याय होतो आणि दुसऱ्या ठिकाणीं समीक्षकाची टीकाही स्तुति वाटते.

जेन ऑस्टेनच्या १८११ मधील 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या कादंबरीचें नांव याच कारणामुळें अनेकांना चकविते. आज 'सेन्सिबल' म्हणजे समंजस. त्यावरून 'सेन्सिबिलिटी' म्हणजे समंजसपणा असा कोणी अर्थ केला, तर नांवाचा उलगडा बरोबर उलटा होतो. समंजसपणा हा त्यांतील पहिला शब्द असून, दुसरा शब्द भावनेची अति तीव्र संवेदना सुचवितो. दोन बहिणींच्या स्वभावांतील हाच भेद त्या कादंबरीचा गाभा आहे.

तेव्हां अवघड शब्द भेटला असतां पहिला प्रश्न असा विचारावा कीं, हें लेखन कोणत्या काळचें? या प्रश्नाचें उत्तर मिळावें म्हणूनच मोठे कोश रचले गेले. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्यें निघाला आणि १९२८ मध्यें तें काम पूर्ण झालें. त्यांत चार लाखांहून अधिक शब्दांचें विवरण असून प्रत्येक अर्थाखालीं निरनिराळ्या काळांतील वाक्यें तारीखवार दिलेलीं आहेत. शब्दाची ती जन्मकुंडलीच होय. घरांतील लहान कोशांतही जुना, साहित्यिक, निंदाव्यंजक, बोलभाषेंतील अशा खुणा असतात. अर्थ पाहण्यापूर्वीं या खुणा पाहण्याची संवय लागली, तरी अर्धीं संकटें टळतील.

दुसरा प्रश्न शब्दाच्या कुळाचा. येथें मराठी विद्यार्थ्याच्या हातीं एक असें साधन आहे कीं, ज्याची त्याला स्वतःलाच आठवण नसते. उपसर्ग लागून धातूचा अर्थ कसा पालटतो, हें त्यानें शाळेंतच शिकलेलें असतें: आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार हे सारे शब्द एका 'हृ' धातूचे. लॅटिनमूलक इंग्रजी शब्दांची घडण अशीच आहे. 'सेंटिमेंटल' ज्यापासून आला त्या 'सेंतीरे' या लॅटिन धातूचा अर्थ जाणवणें, वाटणें. त्याला 'एकत्र' या अर्थाचा उपसर्ग लागून 'कन्सेंट' झाला. मराठींत 'सम्' आणि 'मति' मिळून 'संमति'. वेगळेपणाचा उपसर्ग लागून 'डिसेंट' झाला; मराठींत 'विमति'. 'कडे' या अर्थाचा उपसर्ग लागून 'असेंट' झाला. त्याच्याशेजारीं 'अनुमति' बसविली तर फारसें बिघडत नाहीं. दोन हजार कोसांवरच्या भाषेंत एकाच सांच्याचे शब्द पाहून विद्यार्थ्याची भीति निम्मी कमी होते, आणि एक मूळ लक्षांत राहिलें म्हणजे सातआठ शब्द त्याच्या आधारानें उभे राहतात.

तथापि मूळ हें दार दाखवितें. आंतील खोली स्वतःच पाहावी लागते. 'रिझेंट' हा शब्द त्याच धातूचा. एके काळीं त्याचा अर्थ एखादी गोष्ट मनाला खोल जाणवणें एवढाच होता आणि उपकारही त्यांत बसत. आतां त्यांत केवळ सल व राग उरला. कधीं कधीं तर ओळखीचा ध्वनिच दगा देतो. 'एनर्व्हेट' ऐकतांच 'एनर्जी' आठवून पुष्कळांना तो शब्द जोम देणारा वाटतो. वास्तविक त्याचा अर्थ त्राण काढून घेणें, निःसत्त्व करणें असा आहे. माझगांवच्या गोदीजवळ राहणाऱ्यांना 'लॅस्कर' हा शब्द अपरिचित नसावा. तो फारसी 'लष्कर' या शब्दापासून निघाला; पण इंग्रजींत त्याचा अर्थ सैन्य असा न राहतां परदेशी जहाजावरील हिंदी खलाशी असा झाला. कुळ एक असूनही संसार वेगळे, असें शब्दांच्या बाबतींत नेहमींच घडतें.

तिसरा प्रश्न शब्दाच्या पायरीचा. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. तेव्हांपासून कांहीं शतकें दरबारची व कायद्याची भाषा फ्रेंच, पंडितांची लॅटिन आणि शेतकऱ्याची जुनी इंग्रजी अशी स्थिति होती. त्यामुळें एकाच क्रियेला इंग्रजींत दोनतीन शब्द सांपडतात. साधें विचारणें तें 'आस्क', प्रश्न करणें तें 'क्वेश्चन', कसून उलटतपासणी करणें तें 'इंटरॉगेट'. मराठी घरांत हा भेद समजावून सांगण्याची गरज पडूं नये. पाणी प्यावयाचें असतें, उदक सोडावयाचें असतें, आणि जल हें मंत्रांत, काव्यांत किंवा सरकारी खात्याच्या नांवांत शोभतें. जेवतांना वाढणाराकडे 'जल' मागणारा मुलगा घरांत थट्टेचा विषय होतो. इंग्रजींत नेमकी तशीच थट्टा त्या माणसाची होते, जो साध्या शब्दानें भागत असतां लॅटिन शब्द काढतो. साहित्यिक शब्द मोठा असतो म्हणून लेखक त्याला निवडीत नाहीं; त्या जागीं दुसऱ्या शब्दानें भागत नाहीं म्हणून निवडतो.

एवढ्यावर प्रश्न उरतो तो असा कीं, हें सारें साधावें कसें? इंग्रजांच्या घरीं जन्म न घेतां, इंग्लंड न पाहतां, केवळ पुस्तकांच्या आधारानें परक्या भाषेंतील शब्दाची अशी नेमकी ओळख होणें शक्य आहे काय? येथें माझगांवची दुसरी गोष्ट कामीं येते.

टॉमस मूर या आयरिश कवीनें १८१७ मध्यें 'लाला रूख' हें काव्य प्रसिद्ध केलें. दिल्लीहून काश्मीरला विवाहासाठीं निघालेली मोगल राजकन्या आणि वाटेंत तिला कथाकाव्यें ऐकविणारा तरुण कवि, अशी त्याची मांडणी आहे. राजकन्येबरोबर फडलदीन नांवाचा एक तुसडा दरबारी आहे. एके दिवशीं तो फारच चिडलेला असतो, कारण आंबे पोंचविणाऱ्या जासुदांच्या हयगयीमुळें न्याहारीला माझगांवचे आंबे आलेले नसतात आणि माझगांवाखेरीज दुसरीकडचा आंबा खाणें त्याच्या मतें अशक्यच असतें! हा मूर जन्मांत कधीं हिंदुस्थानांत आला नव्हता. माझगांवचें नांव त्याला पुस्तकांत मिळालें. मारिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका १८०९ मध्यें मुंबईस आली होती. तिचें प्रवासवर्णन १८१२ मध्यें निघालें. माझगांवच्या आंब्यासारखें उत्तम फळ आपण चाखलें नाहीं, मूळ झाडावर मोसमांत शिपायांचा पहारा असतो, त्याच झाडावरून इतर झाडांचीं कलमें झालीं आणि शाहजहानच्या वेळीं हे आंबे दिल्लीस नेण्यासाठीं जासूद ठेवलेले असत, असें तिनें नमूद केलें आहे. मूरनें तें वाचलें, टिपून ठेवलें आणि नेमक्या जागीं वापरलें. त्या एका परक्या नांवानें फडलदीनचा सगळा नखरा वाचकापुढें उभा राहतो. म्हणजे इंग्लंडमध्यें बसून माझगांवचें नांव आत्मसात् करितां येतें. तर माझगांवांत बसून इंग्लंडचा शब्द आत्मसात् करितां येणार नाहीं, असें मानण्यास कांहीं आधार नाहीं.

याच आंब्याबरोबर एक शब्दही विचारांत घेण्यासारखा आहे. मराठींत 'कलम' म्हणजे लेखणी आणि 'कलम' म्हणजे झाडावर बांधलेली डहाळी. अरबींतून फारसीच्या वाटेनें हा शब्द आला. इंग्रजींत कलम करण्याला 'ग्राफ्ट' म्हणतात, आणि त्याचें मूळ शोधीत गेलें असतां तें ग्रीक भाषेंतील लेखणीवाचक शब्दापर्यंत जातें. तासलेली डहाळी दोन्ही भाषांना लेखणीसारखीच दिसली! परक्या भाषेंतील शब्दाची गांठ आपल्या भाषेशीं कशी पडते, याचें याहून सुंदर उदाहरण क्वचितच मिळेल. अशा रीतीनें भेटलेला 'ग्राफ्ट' हा शब्द विसरूं म्हटलें तरी विसरणार नाहीं.

कोंकणांतील बागाईतदार भेटकलम बांधतात, त्याची कृति शब्द शिकणारानें लक्षांत घ्यावी. कोयीपासून वाढविलेलें रोप कुंडीसह मूळ झाडाच्या फांदीपाशीं आणून ठेवितात. रोपाची व फांदीची थोडी थोडी साल काढून दोन्ही एकमेकांस चिकटवून घट्ट बांधतात. फांदी लगेच तोडीत नाहींत. कांहीं महिने ती आपल्या मूळ झाडावरच पोसली जाते, आणि सांधा पुरता जुळला म्हणजे मगच तिला हळूहळू छेद देऊन अलग करितात. यादी पाठ करणारा नेमकें याच्या उलट करितो. तो शब्द वाक्यांतून प्रथम तोडून आणतो आणि मग तो जगत कां नाहीं म्हणून खेद करितो.

शब्दाचें भेटकलम करावयाचें तर एक वही पुरे. तींत शब्दाबरोबर तो ज्या वाक्यांत भेटला तें वाक्य संपूर्ण उतरावें. खालीं त्याचें कूळ, त्याचा काळ आणि त्याच्या सोबतीला येणारे शब्द लिहावेत. शेवटीं मराठी अर्थ लिहावा. पण तो कोशांतला प्रतिशब्द असलाच पाहिजे असें नाहीं, आपल्या बोलण्यांतला असावा. उदाहरणार्थ, 'टॅसिटर्न', 'रेटिसन्ट', 'लॅकॉनिक' आणि 'टॅसिट' या चारही शब्दांपुढें घाईचा विद्यार्थी मितभाषी किंवा मूक असें कांहींतरी लिहून मोकळा होईल. नीट पाहिलें तर स्वभावानेंच अबोल तो 'टॅसिटर्न'. माहीत असून हातचें राखून बोलणारा तो 'रेटिसन्ट'. चार शब्दांत काम उरकणारा तो 'लॅकॉनिक'. आणि तोंडानें न बोलतां उभय पक्षांनीं मानलेली समजूत ती 'टॅसिट'. 'हातचें राखून' हा आपला वाक्प्रचार एकदां 'रेटिसन्ट' या शब्दाशीं बांधला गेला म्हणजे सांधा जुळला.

सांधा जुळावयास वेळ लागतो, आणि तो वेळ कसा द्यावा हेंही शास्त्रानें दाखविलें आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्यें असें दाखविलें कीं, पाठ केलेला मजकूर आरंभीं फार झपाट्यानें विसरला जातो आणि पुढें विसरण्याचा वेग मंदावतो; शिवाय तेवढीच उजळणी एका बैठकींत न करितां अनेक दिवसांत विभागून केली, तर ती अधिक फलदायी होते. तेव्हां वहीचें पान दुसऱ्या दिवशीं, मग आठवड्यानें, मग महिन्यानें पुन्हा उघडावें. दिवसाकाठीं दोन शब्द झाले तरी वर्षाला सातशेंच्या वर जातात. रोज पन्नास पाठ करून महिनाअखेर पांचही हातीं न लागण्यापेक्षां हा हिशेब फायद्याचा आहे.

वाचून कळणारे सारे शब्द वापरलेच पाहिजेत, असाही आग्रह नसावा. ज्ञानेश्वरी नित्य वाचणारा गृहस्थ तींतील शब्द घेऊन भाजी आणावयास जात नाहीं. म्हणून त्याचें तें शब्दज्ञान व्यर्थ ठरत नाहीं. सी. के. ऑग्डेन यानें १९३० मध्यें 'बेसिक इंग्लिश' या नांवानें अवघ्या ८५० शब्दांची एक योजना मांडली होती. साध्या व्यवहारापुरतें इंग्रजी थोडक्या शब्दांतही लिहितां येतें, हें तिनें दाखविलें. मग बाकीचे हजारों शब्द कशासाठीं? ते मुख्यतः दुसऱ्याचें मन समजून घेण्यासाठीं. निरनिराळ्या लेखकांच्या हातीं एखादा शब्द तीनचार वेळां भेटला, त्याची चाल नीट ओळखूं येऊं लागली, आणि लिहितांना तोच शब्द आपण होऊन लेखणीशीं आला, म्हणजे तो खुशाल वापरावा. त्याआधीं साध्या शब्दानें लिहिण्यांत कसलीच लाज नाहीं.

या साऱ्या खटाटोपांत प्रश्न केवळ गुणांचा किंवा नोकरीचा नाहीं. मोठमोठे इंग्रजी शब्द पाठ करूनही ज्याला त्यांची भीति वाटते, तो मनुष्य शेवटीं दोन्ही भाषांत गप्प बसतो. इंग्रजींत चूक होईल म्हणून बोलत नाहीं, आणि मराठी मागें पडली म्हणून तिच्यांतही त्याला शब्द सुचत नाहीं. भेटकलमाला कोयीचें रोप जोमदार लागतें. तें वाळकें असेल तर कितीही उंची जातीची फांदी बांधली तरी ती सुकते. ज्या घरांत संमति आणि अनुमति, अबोल आणि हातचें राखून बोलणारा, पाणी आणि उदक यांतला फरक सहज बोलण्यांत पाळला जातो, त्या घरांतील मुलाला 'असेंट' आणि 'कन्सेंट', 'टॅसिटर्न' आणि 'रेटिसन्ट' यांतला फरक शिकविणें कठीण नाहीं. फरक पाहणारी दृष्टि त्याला घरींच मिळालेली असते. म्हणून इंग्रजी वहीच्या शेजारीं एक चांगलें मराठी पुस्तक सदैव उघडें असावें, हाच या बाबतींतला पहिला आणि शेवटचा उपाय होय.